पॅकअपनंतरचा हिशेब

गावात शूटिंग आलंय हे कॅमेऱ्यावरून कळत नाही. कॅमेरा एवढासा, त्यातही निम्मा वेळ छत्रीखाली झाकलेला. कळतं ते जनरेटरवरून. काही वर्षांपूर्वी वाईजवळ मेणवलीला गेलो होतो. वर नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट. ‘स्वदेस’चं चित्रण इथेच झालं. सकाळचे सात वाजले असतील. घाटाच्या पायऱ्यांवर धुणं वाळत होतं आणि वळणावर उभ्या असलेल्या ट्रकमधून एकसुरी घरघर येत होती. पहिला शॉट लागायला अजून तीन तास होते. दिवे खाली उतरले नव्हते, कलाकार हॉटेलातून निघाले नव्हते. तरी जनरेटर चालू होता, दोन रिकाम्या व्हॅनिटी व्हॅन थंड ठेवायला. “बंद का नाही करत?” मी ऑपरेटरला विचारलं. “आणि मॅडम लवकर आल्या तर?” तो म्हणाला.

सिनेमाच्या धंद्यातल्या नासाडीबद्दल नंतर बरंच वाचलं, पण त्या ‘तर’इतकं नेमकं उत्तर कुठे मिळालं नाही. मॅडम आल्या तर. पाऊस लागला तर. दिग्दर्शकाला ऐनवेळी भिंत निळी हवी झाली तर. सेटवर सगळं जास्तीचं आणून ठेवलेलं असतं ते या धास्तीपोटी. एक दिवस फुकट गेला की लाखांचा फटका, त्यापुढे पन्नास लिटर डिझेल, दहा प्लाय आणि दोनशे पाण्याच्या बाटल्या कोण मोजत बसतो? माणसांचे तासही त्याच वहीत, म्हणजे न लिहिलेल्या वहीत जातात. चित्रपटनिर्मिती पर्यावरणाला आणि माणसांना सोसेल अशी कशी करायची, याची चर्चा जगभर चालू आहे. तिच्यात दिवे, गाड्या, कचरा हे विषय एका बाजूला आणि मजुरी, तास, सुरक्षितता दुसऱ्या बाजूला ठेवण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. जो सेट डिझेल उधळतो तोच माणसंही उधळतो, आणि दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं: आदल्या दिवशी न ठरलेली गोष्ट.

आधी डिझेलचं पाहू. हॉलिवूडने स्वतःला तराजूत घालून पाहिलं आहे. तिथल्या मोठ्या स्टुडिओंच्या ‘सस्टेनेबल प्रॉडक्शन अलायन्स’ या गटाने २०२१ मध्ये आपल्या सदस्यांच्या चित्रपट-मालिकांचे आकडे जाहीर केले. सात कोटी डॉलरहून जास्त खर्चाचा एक चित्रपट सरासरी ३,३७० टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. लहान चित्रपटाचा आकडा ३९१ टन. मोठ्या चित्रपटाच्या या बेरजेत जवळपास निम्मा वाटा इंधनाचा, म्हणजे गाड्या आणि जनरेटरांचा, आणि साधारण पाव वाटा विमानप्रवासाचा. सिनेमाचं प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पडद्यावरचे स्फोट आणि उडणाऱ्या गाड्या येतात. खरी जळजळ पडद्यावर दिसतच नाही, ती ट्रकच्या टाकीत चाललेली असते.

मराठी युनिटचा हिशेब आपणच मांडून पाहू. समजा एक मध्यम जनरेटर ताशी १५ लिटर डिझेल पितो आणि दिवसाला १४ तास चालतो. झाले २१० लिटर. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे दिवसाला साडेपाच क्विंटलच्या वर. चाळीस दिवसांचं शेड्यूल धरलं तर एकट्या जनरेटरचे बावीस टन भरतात. गाड्या, टेम्पो, हॉटेलं यांना अजून हातही लावलेला नाही.

मग जनरेटर बंद करून तारेवरची वीज घ्यावी, हा सल्ला युरोपातून येतो आणि तिथे तो बिनतोड आहे, कारण तिथल्या बऱ्याच देशांत ती वीज वाऱ्यावर, पाण्यावर किंवा अणुऊर्जेवर तयार होते. आपल्याकडे गंमत वेगळी आहे. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. देशाच्या जाळ्यातल्या एका युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. नीट भार दिलेला जनरेटर एका लिटरमध्ये तीन ते साडेतीन युनिट वीज काढतो, म्हणजे युनिटमागे ०.८ ते ०.९ किलो. फरक आहे, पण दिवाळी साजरी करावी एवढा नाही. फरक मोठा होतो तो मेणवलीच्या त्या सकाळी. जनरेटरला क्षमतेच्या पाव भागाएवढंच काम दिलं तर तो लिटरमागे दोन-अडीच युनिटांवर घसरतो आणि युनिटमागचा कार्बन एक किलोच्या पुढे जातो. दोन व्हॅनिटींसाठी ट्रकभर इंजिन फिरवणं म्हणजे एक कप चहासाठी लग्नातला बंब पेटवणं. अशा वेळी हवी असते ती व्हॅनिटीपुरती बॅटरी, किंवा एक छोटा जनरेटर, किंवा शेजारच्या वाड्यातून रीतसर मीटर लावून घेतलेली जोडणी. महावितरण तात्पुरती जोडणी देतं, पण तिच्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. लोकेशन आदल्या रात्री अकराला ठरत असेल तर अर्ज कोण कधी करणार?

कार्बन बाजूला ठेवला तरी काजळी आणि आवाज उरतातच. साउंड रेकॉर्डिस्टला घरघर नको असते म्हणून जनरेटर लांब नेतात. लांब म्हणजे कुठे? कुणाच्या तरी ओट्यासमोर. युनिटला नको असलेला आवाज गावातलं एखादं घर दिवसभर ऐकतं आणि संध्याकाळी वाळवणावरची काजळी झटकतं. २०२३ च्या जुलैपासून नव्या जनरेटरांना धुराचे कडक निकष लागू झाले, हे चांगलंच आहे. भाड्याने फिरणाऱ्या जुन्या जनरेटरांना मात्र भरपूर आयुष्य असतं.

दिव्यांच्या बाबतीत तंत्राने अर्धं काम आपणहून केलं आहे. जुना टंगस्टन दिवा घेतलेल्या विजेतली बहुतांश उष्णतेत घालवायचा. मग त्या उष्णतेने कलाकारांचा मेकअप वितळू नये म्हणून एसी, आणि एसीसाठी आणखी वीज. एलईडीने हे दुष्टचक्र तोडलं. मोठ्या एचएमआय दिव्याला एकट्याला १८ किलोवॉट लागतात. पूर्वी रात्रीच्या दृश्यात असे दोन-तीन उभे असायचे. आजचे कॅमेरे अंधाराला इतके सरावले आहेत की छोट्या एलईडी पॅनेलवर आणि घरातल्या बल्बवर दृश्यं निघतात. तरी काही सेटवर मोठा दिवा ट्रकमधून येतो, दिवसभर झाकून ठेवतात आणि रात्री परत जातो. का आणला, असं विचारलं तर उत्तर तेच: लागला तर.

आणि आपली सुरुवात तर फुकटच्या उजेडावर झालेली आहे. १९१२ मध्ये दादरला दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला तो सूर्यप्रकाशात. उजेड वळवायला पांढऱ्या चादरी होत्या, आणि त्या धरायला, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायला, फिल्म धुवायला सरस्वतीबाई फाळके होत्या. ऊन उतरलं की कॅमेऱ्यापुढच्या माणसांची सुट्टी व्हायची. सरस्वतीबाईंचं काम मात्र अंधार पडल्यावरही चालू राहायचं, कारण फिल्म हाताळायला अंधारच लागतो. भारतीय सिनेमाचा पहिला सेट विजेच्या बाबतीत आदर्श होता आणि कामाच्या तासांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून कच्चा होता, असं म्हणायला हरकत नाही.

सेटच्या सामानाचं प्रकरण याहून रंगतदार आहे. सिनेमातली भिंत म्हणजे लाकडी बॅटनची चौकट, तिच्यावर ठोकलेला प्लाय किंवा ताणलेलं कापड, वर रंग. नक्षी, कमानी, मूर्ती थर्मोकोल, फायबर किंवा पीओपीच्या. कारागीर रात्र-रात्र जागून हे उभं करतात. त्यांचं कसब पाहून थक्क व्हायला होतं. मग तीन दिवसांत सेट मोडायचा असतो, कारण फ्लोअर दुसऱ्याला दिलेला असतो. घाईत मोडलेल्या सेटमधून बॅटन आणि धड प्लाय वाचतो तेवढा वाचतो. रंग लागलेलं पीओपी आणि थर्मोकोलचे तुकडे डंपरमध्ये जातात. थर्मोकोल म्हणजे जवळपास सगळी हवा आणि थोडं प्लॅस्टिक. वजनाला नगण्य आणि जागेला अवाढव्य, म्हणून भंगारवालाही त्याला हात लावत नाही. कुजत नाही आणि जाळलं तर विषारी धूर. गणपतीच्या मूर्तीवरून आपण दर वर्षी पीओपीचा वाद घालतो, २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने थर्मोकोलच्या ताटल्यांवर आणि मखरांवर बंदीही आणली. पण पडद्यावरच्या मंदिराचा गाभारा कशाचा होता आणि नंतर कुठे गेला, असा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

इथे मला नेहमी मराठी नाटकाची गाडी आठवते. व्यावसायिक नाटकाचं नेपथ्य हे मुळात मोडण्यासाठी आणि पुन्हा उभं करण्यासाठीच बांधलेलं असतं. आज पुणे, उद्या सांगली, परवा कणकवली. तोच दिवाणखाना शंभर-दोनशे प्रयोग करतो आणि प्रत्येक रात्री घडी घालून गाडीत बसतो. फ्लॅट ठराविक मापाचे, जोड बिजागरीचे, प्रत्येक तुकड्याची जागा रंगमंच कामगारांच्या हातांना पाठ. सिनेमाच्या सेटमध्ये मात्र खिळा आणि फेविकॉल चालतो, कारण उद्याचा विचारच नसतो. खिळ्याऐवजी स्क्रू वापरला आणि भिंती आठ बाय चारच्या पुऱ्या शीटच्या मापात आखल्या, तर तोच प्लाय चार सेट करतो. खर्चही वाचतो. यात परदेशी सल्लागार आणण्यासारखं काही नाही, शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी रात्री बारा वाजता तासभर उभं राहिलं तरी पुरे.

सेट टिकवण्याची परंपरा आपल्या सिनेमातही होती. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था १९३३ मध्ये पुण्यात आली आणि तिथे तिने स्वतःचं छोटं गावच वसवलं. स्वतःचा स्टुडिओ, कारागीर पगारावर, कपडे-दागिने-सामान घरच्या कोठीत. एका चित्रपटाचं सिंहासन पुढच्या चित्रपटात रंग बदलून बसायचं. त्या आवारात आज एफटीआयआय आहे आणि प्रभातचा जुना स्टुडिओ अजून वापरात आहे. स्टुडिओपद्धतीतल्या मालकशाहीचे दोष होतेच, ते झाकायचं कारण नाही. पण महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा सुतार खुर्ची पुन्हा वापरता येईल अशी बनवतो आणि दिवसावर आलेला सुतार ती संध्याकाळपर्यंत उभी राहील अशी बनवतो, यात सुताराचा दोष नाही.

बाहेरचं एक उदाहरण. ‘मॅट्रिक्स’च्या पुढच्या दोन भागांसाठी कॅलिफोर्नियात अलमेडाच्या जुन्या नाविक तळावर दीड मैल लांबीचा महामार्ग उभारला होता, फक्त एका पाठलागासाठी. चित्रपट संपल्यावर तो मोडून टाकला आणि सेटचं जवळपास सगळं सामान पुन्हा वापरात गेलं. पोलाद भट्टीत गेलं आणि लाकूड मेक्सिकोतल्या गरिबांच्या घरांना लागलं. उधळपट्टी ती उधळपट्टीच, पण मोडलेलं सामान कुठे जाणार हे तरी ठरलेलं होतं. आपल्याकडे मुंबईत भाड्याने कपडे आणि प्रॉपर्टी देणारा बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एकच शेरवानी किती नवरदेवांनी आणि किती खलनायकांनी घातली असेल, देव जाणे. पर्यावरणाची जी भाषा आज परिषदांतून ऐकू येते ती या दुकानदारांनी कधी वापरली नाही, कामं मात्र तीच केली.

पाण्याच्या बाटल्या आणि कागदी कप यांच्यावर मी फार शाई घालवणार नाही. दीडशे माणसं, प्रत्येकी पाच छोट्या बाटल्या, चाळीस दिवस, म्हणजे तीस हजार बाटल्या. वीस लिटरचे जार आणि प्रत्येकाच्या नावाची एक स्टीलची बाटली, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. कॅटररकडे स्टीलची ताटं असतातच. ती धुवायला दोन माणसं जास्त लागतात आणि ती दोन माणसं बजेटमधून आधी कापली जातात. विषय तिथे संपतो, किंवा तिथे सुरू होतो.

कारण आता माणसांकडे यायचं आहे.

सेटवर सर्वांत आधी येतो तो चहा-पाणी आणि खुर्च्या सांभाळणारा स्पॉटदादा आणि सर्वांत शेवटी जातोही तोच. शिफ्ट कागदावर बारा तासांची. नऊच्या शिफ्टसाठी तो सहाला घर सोडतो, कारण घर विरारला किंवा टिटवाळ्याला आणि सेट गोरेगावला किंवा मढला. रात्री नऊला पॅकअप, सामान आवरून दहा, घरी पोहोचायला साडेबारा. झोप चार-पाच तास. असं सलग पंचवीस दिवस. पैसे? मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत इतकी मुरली आहे की तिच्याविषयी बोलणाऱ्याकडे लोक नवखा म्हणून पाहतात. म्हणजे जानेवारीत उचललेल्या खुर्चीची मजुरी एप्रिलमध्ये. एवढं बिनव्याजी कर्ज कोणती बँक देईल? ते निर्मात्याला स्पॉटदादा देतो.

कायदा नाही असं नाही. सिनेकामगारांसाठी १९८१ साली खास कायदा झाला, त्यात लेखी कराराची सक्ती होती. २०२० च्या कामगार संहितेने मालिका आणि वेब माध्यमातल्या कामगारांनाही ‘दृक्‌श्राव्य कामगार’ म्हणून कक्षेत घेतलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या सिनेकामगारांच्या महासंघाने संप केला, त्यातली प्रमुख मागणी होती आठ तासांची शिफ्ट. आठ तासांची मागणी जगातल्या गिरणी कामगारांनी एकोणिसाव्या शतकात केली होती. गिरणगावावर सिनेमे काढणारा हा धंदा त्याच मागणीसाठी एकविसाव्या शतकात संप पाहतो.

थकवा हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत ‘प्लेझंटव्हिल’ या चित्रपटाच्या सेटवर एकोणीस तास काम करून घरी निघालेला एक सहायक कॅमेरामन गाडी चालवता चालवता झोपी गेला आणि अपघातात मेला. ज्येष्ठ छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी पुढे या विषयावर माहितीपट केला. आपल्याकडे म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ८ फेब्रुवारी १९८९ रोजी ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या सेटला आग लागली आणि ६२ जण मरण पावले. सेटवर काय काय असतं ते वर सांगितलंच आहे: लाकूड, कापड, थर्मोकोल, रंग, गरम दिवे, उघड्या वायरी. जे सामान निसर्गाला अपायकारक तेच माणसालाही. आग विचारत नाही की हा पर्यावरणाचा मुद्दा आहे की कामगारांचा.

आणि बायका. ज्या धंद्याचा पाया सरस्वतीबाईंच्या हातांनी घातला गेला, त्या धंद्यात मुंबईत २०१४ पर्यंत बाईला मेकअप कलाकार म्हणून संघटनेचं कार्ड मिळत नव्हतं. केस विंचरायचे असतील तर या, चेहरा रंगवणं पुरुषांचं काम, असा तो नियम. चारू खुराना यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये तो रद्द झाला. केरळमध्ये चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दलचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला मिळाला आणि लोकांपुढे आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. लैंगिक शोषणाच्या नोंदींमुळे तो गाजला, गाजायलाच हवा होता. पण त्यातली एक साधी नोंद मला विसरता येत नाही: बाहेरच्या चित्रणात शौचालय नसतं, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतात. ज्या सेटवर दोनशे बाटल्या पाणी फुकट जातं, त्याच सेटवर ज्युनिअर आर्टिस्ट तहानलेली बसते. व्हॅनिटी थंड असते, पण ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

या सगळ्याचं मूळ मी नियोजनात शोधतो, त्याला कारण आहे. रोजच्या मालिकेचं घ्या. बावीस मिनिटांचा भाग दररोज गेला पाहिजे. हाताशी आठ-दहा भाग तयार असले तर सगळं शांत चालतं. पण प्रेक्षकसंख्येचे आकडे घसरले की वाहिनीकडून कथेला वळण येतं, तयार भाग बाद होतात आणि पुढे संवाद सकाळी सेटवर लिहून येतात. मग कोणते कलाकार लागतील माहीत नाही, म्हणून सगळ्यांना बोलवा. कोणती खोली लागेल माहीत नाही, म्हणून सगळीकडे दिवे लावून ठेवा. दृश्य रात्रीचं की दिवसाचं ठरलेलं नाही, म्हणून जनरेटर सोडू नका. शेवटी शिफ्ट चौदा तासांवर जाते. आठवडाभर आधी कागद हाती आला तर गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात, जनरेटरची गरज कमी होते, अन्न मोजून शिजतं आणि माणसं वेळेवर घरी जातात. एवढ्या सगळ्या गोष्टी एका उपायाने सुधारतील असा उपाय मला दुसरा दिसत नाही. त्याला सौर पॅनेलसारखा फोटोही लागत नाही, म्हणून त्याचा गवगवा होत नसावा.

लोकेशन ही तिसरी बाजू, आणि तिथली नुकसानी वर्षानुवर्षं पुरते. लिओनार्डो डिकाप्रियोचा ‘द बीच’ हा चित्रपट थायलंडच्या माया बे इथे १९९९ च्या सुरुवातीला चित्रित झाला. किनारा पुरेसा ‘स्वर्गीय’ दिसत नव्हता म्हणून वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, तिथली मूळ झुडपं काढली आणि माड आणून लावले. झुडपांनी धरून ठेवलेली वाळू नंतर समुद्राने ओढली. स्थानिकांनी खटला भरला. तो दोन दशकांहून अधिक चालला आणि २०२२ मध्ये किनारा पूर्ववत करण्यासाठी एक कोटी बाट देण्यावर सर्वोच्च न्यायालयात शिक्कामोर्तब झालं. त्याहून मोठा मार चित्रपट पाहून आलेल्या गर्दीने दिला. दिवसाला पाच हजारांपर्यंत पर्यटक येऊ लागले, प्रवाळ मेलं, आणि २०१८ च्या जूनपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत किनाराच बंद ठेवावा लागला. ‘थ्री इडियट्स’नंतर लडाखच्या पँगाँग तलावाकाठी पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्या दारातही उदाहरणं आहेत. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासूनची, सुमारे ५२० एकरांची, आणि तिला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुलै २०२३ मध्ये एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या आला आणि धावपळ उडाली. बातम्यांचा सूर ‘बिबट्या शिरला’ असा होता. सेटमागे टाकलेलं उरलंसुरलं जेवण खायला कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्यामुळे कॅटररने कचऱ्याचं पिंप झाकणं हा तिथे वन्यजीव व्यवस्थापनाचा भाग ठरतो. पलीकडे मढच्या किनाऱ्यावर तात्पुरती परवानगी घेऊन उभारलेले स्टुडिओ पक्के होत गेले. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये महापालिकेने त्यांच्यावर हातोडा चालवला.

माणसांच्या संमतीचा धडा गोव्याने दिला. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रण थांबलं, तेव्हा बऱ्याच मराठी-हिंदी मालिका आपला सगळा कबिला घेऊन गोव्यात गेल्या. गोव्यात त्या वेळी इस्पितळांत खाटा मिळत नव्हत्या. मडगावात लोकांनी चित्रणाला विरोध केला आणि मे महिन्याच्या सुरुवातीला सरकारने परवानग्या मागे घेतल्या. मुंबईत तेव्हा कलाकारांविषयी सहानुभूतीचे लेख आले. मला गोंयकारांचं चुकलं असं वाटलं नाही. गाव ही भाड्याने मिळणारी पार्श्वभूमी आहे अशी सवय लागलेल्यांना तिथे माणसंही राहतात याची आठवण कुणीतरी करून द्यायला हवी होती.

उपाय कसे अमलात येतात याचीही एक कथा आहे. चित्रपट झाल्यावर रोपं लावायची आणि ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणून जाहीर करायचं, हा प्रकार आपल्याकडे २०१५ च्या आसपास सुरू झाला. हेतू चांगला असेल, पण जळालेलं डिझेल आज हवेत आहे आणि रोप झाड होईल तेव्हा होईल, तेही कुणी पाणी घातलं तर. मोजून कमी करणं हा कंटाळवाणा मार्ग जास्त खरा. ब्रिटनमध्ये ‘बाफ्टा’च्या पुढाकाराने २०११ मध्ये ‘अल्बर्ट’ नावाची व्यवस्था सुरू झाली. निर्माता शूटिंगआधी अंदाज भरतो आणि नंतर प्रत्यक्ष आकडे. सुरुवातीला ते ऐच्छिक होतं, मग बीबीसीने २०२२ पासून नव्या कार्यक्रमांना ते बंधनकारक केलं. फ्रान्समध्ये सरकारी मदत हवी असेल तर कार्बनचा ताळेबंद जोडावा लागतो. पैसे जिथून येतात तिथे अट घातली की सेट बदलतो.

हे आपल्याकडे चालणार नाही, असं कुणी म्हणालं तर प्राण्यांची आठवण करून द्यावी. २००१ च्या नियमांनंतर सिनेमात प्राणी वापरायचा असेल तर प्राणी कल्याण मंडळाचा दाखला लागू लागला, तो नसेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र अडतं. निर्माते आजही कुरकुरतात. पण घोडा पाडण्याऐवजी तो संगणकावर पडू लागला आणि पडद्यावर त्याबद्दलची पाटी येऊ लागली. एका कागदाने घोड्याला जे मिळवून दिलं ते लाइटमनला अजून मिळालेलं नाही.

महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. लोकांच्या पैशातून देतं आणि ते द्यावंच. परीक्षण समिती चित्रपटाची गुणवत्ता पाहते, लेखापाल खर्चाची बिलं पाहतो. त्या अर्जात एक पान वाढवावं, एवढी माझी मागणी आहे. चार रकाने पुरतील. डिझेल किती लिटर जळलं. सेट मोडल्यावर सामान कुठे गेलं. सर्वांत लांब शिफ्ट किती तासांची झाली. आणि स्पॉटदादाच्या हातात पैसे कितव्या दिवशी पडले. पहिली दोन वर्षं उत्तरांवरून कुणाचं अनुदान कापू नये, नुसती उत्तरं जाहीर करावीत. चित्रपट महामंडळातल्या आणि मंत्रालयातल्या मंडळींनी हे पुढच्या वर्षीच्या अर्जापासून करून पाहावं.